जेवना हात मोटारले

ती सकाळ विसरायची म्हटलं तरी मला विसरता येत नाही, कारण ती थेट माझ्या स्वयंपाकघरात आली, आणि तीही ओल्या वांग्यांच्या रूपाने.

आमचे फौजदार आता पेन्शनीत आहेत. लोक म्हणतात, साहेब, आठवणी लिहा. हे म्हणतात, मला पंचनाम्याशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही, हिला सांगा. त्यांची निम्मी नोकरी ठाण्यात झाली आणि निम्मी माझ्या चुलीपुढे, तेव्हा एक तपास मी सांगायला हरकत नाही. नावं मात्र कोणाचीच घेणार नाही. ठाण्याच्या भिंतीला लागून बिऱ्हाड असलं की बाई दोन गोष्टी शिकते, एक ऐकायला आणि दुसरी नाव न घ्यायला.

गोष्ट धुळ्याची, इंग्रजी अमलातली. सायकली तेव्हा नव्याने वाढत होत्या आणि मोटारीही. दोघांचं मुळीच पटत नसे. मोटारवाल्यांना वाटे, सायकलवाला म्हणजे दावं तोडून रस्त्यात सुटलेलं वासरू. सायकलवाल्यांना वाटे, भोंगा दाबला की रस्ता ह्यांच्या बापाचा झाला. आणि नियम? नियम दोघांनाही तोंडपाठ, पण दुसऱ्याचे! मोटारवाला सायकलीचा दिवा तपासायचा आणि सायकलवाला मोटारीचा वेग.

आमच्या ठाण्याचे जमादार बाजाराच्या दिवशी नाक्यावर छडी घेऊन उभे राहत आणि खेड्यातून येणाऱ्या सायकलवाल्यांना नियम शिकवत. "डाव्या बाजूने चाला," असं त्यांनी बरेच दिवस सांगून पाहिलं. एकदा एक म्हातारा त्यांना म्हणाला, "डावी म्हनजे मनी का तुनी? तू त मनासमोर उभा शे!" जमादार घरी जाऊन विचार करत बसले. पुढच्या बाजाराला त्यांनी नवी युक्ती काढली. खेड्यात उजव्या हाताला जेवना हात म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. जमादार ज्याला त्याला थांबवून सांगू लागले, "जेवना हात मोटारले सोडी दे!" म्हणजे उजवी बाजू मोटारीला मोकळी ठेव आणि आपण डावीकडून चाल. हे मात्र लोकांना पटकन समजलं. मोठ्या साहेबांनी जमादारांची पाठ थोपटली. तेव्हापासून जमादारांच्या मिशा दोन बोटं वर गेल्या होत्या.

आता त्या सकाळकडे येते. मी भाकरी थापत होते. परटीण मागच्या दाराने धावत आली, पदरात तीन हिरवीगार वांगी, पाणी ठिबकणारी.

"अक्का! नदीमा वांगा वाही राह्यनात!"

"अगं, पांझरेला मासे येतात, वांगी कुठली?"

"फरशीवर मोटार आडवी शे ना! एक मानूस पडना. सायकलवाला."

ठाण्याला खबर लागली ती अशी. मी वांगी तशीच घेऊन ओसरीत गेले आणि चहा पीत बसलेल्या फौजदारांपुढे ठेवली. त्यांनी एकदा वांग्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि टोपी उचलली.

गावाबाहेर नदीवर दगडी फरशी, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल, होती. पिंपळनेरकडे जाणारी मोटार तिथून निघाली होती आणि समोरून भरिताच्या वांग्यांच्या दोन टोपल्या लादलेला सायकलवाला बाजाराला येत होता. दोघं समोरासमोर आले. मोटारवाल्याने चाक फिरवून ब्रेक दाबला, मोटार फरशीवर आडवी झाली. सायकलवाला घाबरून कोलमडला. गुडघा खरचटला, एवढंच, देवाची कृपा. वांगी मात्र काही फरशीवर, काही नदीत, काही मोटारीखाली. धुणं धुणाऱ्या बायका पाण्यातून वांगी वेचत होत्या आणि लोकांनी सायकल उचलून काठावर आणून ठेवली होती. फौजदार पोहोचले तेव्हा कोण कुठल्या बाजूला होतं, हे सांगणारी एकही खूण जागेवर उरली नव्हती.

जमादारांनी पंचनामा लिहिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण पुढे त्यावरून फार हसणं झालं. "सायकल जुनी, ब्रेक नाही, घंटी डाव्या मुठीस." लिहिलं आणि पुढे गेले.

दुपारपर्यंत ठाण्यापुढे दोन तट पडले. एकीकडे मोटारवाले आणि त्यांचे क्लीनर, दुसरीकडे सायकलवाले. सायकलवाल्यांच्या पुढे सायकली दुरुस्त करणारे मिस्त्रीचाचा.

"दोन चाकं मिळाली की ह्यांचे दोन डोळे जातात!" एक मोटारवाला ओरडला.

"आणि तुम्ही? भोंगा फुंकत येता, जसं काय घोड्यावर नवरदेव!" मिस्त्रीचाचा म्हणाले.

"सायकलीला ब्रेक कुठं आहे, चाचा?"

"चप्पल आहे ना पायात! तुझ्या ब्रेकपेक्षा बरी लागते."

आत जबान्या चालल्या होत्या. पण खरा जीव टांगणीला लागला होता तो मोटारवाल्याचा. आधीची एक तक्रार त्याच्या नावावर होती आणि मोठ्या साहेबांनी बजावलं होतं की पुन्हा तक्रार आली तर लायसन रद्द. आठ वर्षं क्लीनर म्हणून मोटारी पुसून त्याने ते लायसन मिळवलं होतं. संध्याकाळच्या टपालाने फौजदारांचा रिपोर्ट साहेबांकडे जायचा होता.

त्यात मोटारवाला तोंडाळ. खरं बोलला तरी भांडल्यासारखं वाटे. "साहेब, मी माझ्या डाव्या बाजूला होतो. हा बाबा देव प्रकटावा तसा माझ्या नाकापुढे प्रकटला! देवाला बाजूला हो म्हणून कोण सांगणार?"

आणि वांगीवाला म्हणजे गरीब गाय. तिशीतला शेतकरी, काठावरच्या खेड्यातला. सायकल घेऊन महिनाही झाला नव्हता. आवाज चढवणं त्याला माहीतच नाही.

"साहेब, मी मनी बाजूलेच व्हतू. मी खोटं बोलाव नही."

"नियम माहीत आहे?"

"शे ना. जमादारभाऊनीच सांगं. जेवना हात मोटारले सोडी दे."

"मग सोडला होता?"

"पुरा सोडा व्हता."

जमादारांच्या मिशा आणखी वर गेल्या.

"नदी तुझ्या कोणत्या बाजूला होती?" फौजदारांनी विचारलं.

"दोनी बाजूले, साहेब. फरशी शे ती."

मी घर आणि ठाण्याच्या मधल्या दाराआड तोंडात पदर कोंबला.

फौजदारांनी दोघांना वेगवेगळं बसवून तीनतीनदा विचारलं. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी काहीतरी वाढवतो आणि तिसऱ्या वेळी चिडतो, असा त्यांचा अनुभव. इथे दोघांची जबानी तीनही वेळा शब्दाला शब्द तीच. हे घरात येऊन पाणी पीत मला म्हणाले, "दोघंही खरं बोलतायत, आणि ते होऊ शकत नाही. पण लोक त्या गरिबाच्याच बाजूने साक्ष देणार. मोटारवाल्याचं लायसन जाणार."

"जेवलेत का ते?" मी विचारलं.

"त्याचं काय आता?"

"उपाशी माणसाची जबानी घेता आणि वर म्हणता उलगडत नाही!"

वांगी मुद्देमाल म्हणून ओसरीत ठेवली होती. मघाशी मी टोपलीकडे नुसतं पाहिलं तरी हे गरजले होते, "मुद्देमालाला हात लावायचा नाही!" पण वांगी काही चोरीची घड्याळं नव्हेत, कपाटात ठेवायला. पंचनामा झाल्यावर पावती करून ती मालकाला परत दिली. वांगीवाला टोपलीकडे बघून म्हणाला, "अक्का, आते बाजारमा ह्या कोन लेई? भरीत करा. बठ्ठासले खाऊ द्या."

सगळ्यांना खाऊ घाला म्हटल्यावर मग काय! अंगणात तुरीच्या काड्या पेटवल्या आणि वांगी भाजायला घातली. हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी. वास भिंतीवरून बाहेर गेला आणि दोन्ही तटांचा आवाज आपोआप खाली आला. वांग्याच्या भरितापुढे खानदेशी माणूस फार वेळ भांडू शकत नाही.

ओसरीत दोघांची पानं मांडली. मोटारवाला बसला आणि पहिल्या घासाला म्हणाला, "वैनी, वांगी माझ्या मोटारीखाली आली तेव्हा अर्धं भरीत तिथंच झालं होतं बरं का!" लायसन जायची वेळ आली तरी जिभेची खोड जात नाही.

वांगीवाला मात्र भिंतीकडे तोंड करून बसला. मला वाटलं, रुसला. भाकरी वाढायला गेले तर उजव्या हाताने घास उचलतोय आणि अर्धा सांडतोय.

"का रे भाऊ, तिखट झालंय का?"

"नही अक्का. चांगलं शे." मान खाली. मी वळले, आणि पुन्हा सहज मागे पाहिलं. त्याने पटकन हात बदलला होता. डाव्या हाताने भराभर, सुरेख जेवत होता. मला पाहून तो लाजला. "माय भू मारे मी धाकला व्हतू तवय. पन हाऊच मना जेवना हात शे."

म्हणजे, लहानपणी आई फार मारायची, पण हाच माझा जेवना हात आहे!

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली. आजवर मी ठाण्याचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. त्या दिवशी पिठाच्या हातांनी तशीच आत शिरले. शिपाई उठून उभे राहिले, ते मला सलाम करायचा की नाही या गोंधळात.

"अहो, जमादारांना बोलवा! त्या माणसाने जेवना हातच सोडलाय मोटारीला!"

"तेच तर तो सकाळपासून सांगतोय."

"अहो, पण तो जेवतो डाव्या हाताने!"

फौजदारांनी घाईघाईने कागद चाळले. मग पंचनामा ओढून त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, "घंटी डाव्या मुठीस." खिडकीतून मिस्त्रीचाचा ओरडले, "मी म्हटलंच होतं त्याला, बाबा, घंटी उलटीकडे का लावतोस? तर म्हणाला, माले तठेच हात जास!"

पण हे नुसत्या ऐकण्यावर समाधान मानणारे नव्हते. ठाण्याच्या अंगणात सायकल आणली. सगळ्यांना भिंतीशी उभं केलं. जमादारांना सांगितलं, "तुम्ही मोटार व्हा." जमादार छडी पुढे धरून, तोंडाने भोंगा वाजवत, आपल्या डाव्या बाजूने निघाले. समोरून वांगीवाला.

"जेवना हात सोडी दे!" जमादार ओरडले.

"सोडा भाऊ!" असं म्हणत तो पठ्ठ्या इमानदारीने सरळ त्यांच्याच अंगावर आला. जमादारांनी उडी मारली ती थेट घोड्यांच्या हौदात.

किती हसलो आम्ही! मोटारवाले हसले, सायकलवाले हसले. मिस्त्रीचाचांनी हौदातून जमादारांना हात देऊन वर काढलं आणि विचारलं, "जमादारसाहेब, ब्रेक कुठं होता?"

वांगीवाल्याला मात्र हसू येईना. तो मोटारवाल्यापुढे जाऊन उभा राहिला. "भाऊ, तू खरं बोलना. मी बी खरं बोलनू. पन चूक मनी शे." आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "तसंच लिखा, साहेब."

"अरे, तुझी कसली चूक!" तोंडाळ मोटारवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू तर नियम पाळलास, लेका. पाळून पाळून मला मारलंस!"

भिजलेले जमादार पुढे आले, मिशा हनुवटीपर्यंत उतरलेल्या. पण माणूस खरा. म्हणाले, "साहेब, चूक माझी लिहा. मी हात सांगितला, पण कोणाचा हात ते विचारलं नाही."

रिपोर्ट संध्याकाळच्या टपालाने गेला. ह्यांनी खरं तेच लिहिलं, की गुन्हा कोणाचाच नाही, लायसन राहू द्यावं आणि प्रकरणाचा उलगडा भरितामुळे झाला. चार दिवसांनी साहेबांच्या कचेरीतून कागद परत आला. साहेब गोरे, भरीत कधी न चाखलेले. त्यावर शेरा होता, "हा भरीत कोण? त्याची जबानी का घेतली नाही?"

लायसन पुन्हा लटकलं! मोटारवाला रोज सकाळी येऊन ओसरीच्या पायरीवर बसे. तोंडातून शब्द नाही. मला त्याची शिवीगाळच बरी वाटायची. शेवटी साहेब ठाण्याच्या तपासणीला आले तेव्हा ह्यांनी सरळ सांगितलं, "साक्षीदार हजर आहे, हुजूर." आणि मी भरिताचं पान पाठवलं.

साहेबांनी डाव्या हातात काटा धरला, उजव्या हातात सुरी, आणि त्या काट्याने भरीत तोंडात घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, कान लाल झाले, पण त्यांनी काटा काही खाली ठेवला नाही. दारात सावधान उभे असलेले जमादार ओठ न हलवता ह्यांना म्हणाले, "साहेब, यांचाही जेवना हात डावाच आहे. मोटार स्वतः चालवतात. आधी सांगून ठेवू का?"

त्या दिवशी लायसनवर सही झाली. दुभाष्याने सगळा प्रकार सांगितला तेव्हा साहेब इतके हसले की सहीची शाई ओघळली. मोटारवाला ते ओघळलेलं लायसन पुढे अभिमानाने दाखवत असे.

मिस्त्रीचाचांनी वांगीवाल्याच्या उजव्या मुठीला लाल चिंधी बांधून दिली. लाल बाजू मोटारीची. मग त्याच्या गावातल्या दुसऱ्याने बांधली, तिसऱ्याने बांधली, आणि वर्षभरात सायकलीला लाल चिंधी नसली तर पोरं तिला सायकलच म्हणेनात. जमादारांनी हात सोडून चिंधी धरली.

ह्यांना विचारलं की या तपासातून काय शिकलात, तर हे म्हणतात, "त्यानंतर मी कोणाला हुकूम देऊन 'समजलं का' असं विचारलं नाही. 'करून दाखव' म्हणालो. समजलं का म्हटलं की माणूस हो म्हणतोच." मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की दोन माणसं एकमेकांविरुद्ध बोलत असली म्हणजे त्यातलं एक खोटारडं असलंच पाहिजे, असं नाही. आधी दोघांना जेवायला वाढा आणि बघा.

पुढे कितीतरी वर्षं बाजाराच्या दिवशी फरशीकडून भोंगा ऐकू येई, दोन लांब आणि एक आखूड. मोटारवाला वांगीवाल्याला रामराम करत असे. आणि परटीण सांगायची, "अक्का, तो बी हात वर करस ना. जेवना!"