मालतीबाईंचा पाचवा बोलपट

"बी.ए. झालायस ना? मग सांग, मालतीबाईंचा सगळ्यात चांगला पिक्चर कुठला?" शेटजी मुंबईहून ट्रंककॉलवर ओरडत होते. "दोन ठेव. बाकीचे भंगारात."

पनवेलबाहेर, शिरढोणच्या रस्त्याला, आमच्या कंपनीचं फिल्म-गोडाऊन होतं. मी तिथला मॅनेजर. वडील मिठागरावर राबले. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि टेबलावरच्या पाटीवर नावापुढे बी.ए. लिहून घेतलं होतं. का नाही लिहायचं?

तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ठिणगी पडली की भडकते, पाण्यानंही विझत नाही. म्हणून शेटजींनी ती मुंबईतून हलवून आमच्या गळ्यात मारली होती. आता लायसनवाला इन्स्पेक्टर बजावून गेला होता, माल कमी करा. भंगारवाला अशी फिल्म धुऊन तिच्यातली चांदी काढतो. उरलेल्याच्या बांगड्या होतात.

बायका पडद्यावर यायला कचरत त्या काळात मालतीबाई दिग्दर्शन करत होत्या. पाच बोलपट काढले. मूळ निगेटिव्ह लॅबच्या आगीत गेल्या, त्यामुळे आमच्याकडच्या प्रिंट याच शेवटच्या. भंगारात गेलेला बोलपट पुन्हा कुणालाच दिसणार नव्हता.

मी कोळणीचा बोलपट पहिला ठेवला. नवरा बुडाल्याचं कळतं आणि ती न रडता फाटकं जाळं विणायला घेते. कॉलेजात असताना पाहिलेला तो सीन मी विसरलो नव्हतो. शाळामास्तरणीचा दुसरा. एक ऐतिहासिक तिसरा. पौराणिक चौथा. अगदी शेवटी त्यांनी शेवटी काढलेला पाचवा, घरगुती गोष्टीचा. तो दणकून पडला होता.

"पौराणिक चौथा?" शेटजी भडकले. "अरे, जत्रेवाले अजून मागतात!"

"मागतात. पण वाईट आहे."

शेवटी तडजोड झाली. एक त्यांचा पौराणिक, एक माझा कोळणीचा.

भंगाराची गाडी दारात उभी होती त्याच सकाळी मालतीबाई एस.टी.नं आल्या. धुवट पातळ, जाड भिंगांचा चष्मा.

"तुम्हीच मॅनेजर? दोनच ठेवणार असं ऐकलं. माझा पाचवा ठेवा."

"बाई, खरं सांगू? तो तुमचा सगळ्यात कच्चा आहे."

"मला काय सांगता? मीच केलाय. कच्चाच आहे." त्या खुर्चीवर टेकल्या. "त्यात माझी लेक आहे, चिमी. एकाच सीनमध्ये. दारातून धावत येते. फोटोसाठी कधी उभी राहिली नाही कार्टी. त्याच वर्षी तापानं गेली. बाकी कुठे नाही ती."

मी वाद घातला नाही. "माझा कोळणीचा काढतो," म्हटलं, आणि धाकू हमालाला पाचव्याचे डबे आणायला सांगितलं.

आमच्या धंद्याची एक रीत होती. चालणाऱ्या पिक्चरचे डबे सारखे उघडायचे, रिळं फिरायची, त्यांना वारा लागायचा. पडलेल्या पिक्चरच्या डब्याला कुणी हात लावत नसे. नायट्रेट बंद डब्यात राहिली की स्वतःच्याच वाफेनं सडते.

धाकूनं झाकणाखाली पट्टी घातली. "बाय, जरा मागं व्हा. वास चांगला नाय."

पहिल्या डब्यात काकवीसारखा चिकट गोळा. दुसऱ्यात तपकिरी भुकटी. पुढच्यातही तेच. बाई प्रत्येक डब्यात वाकून पाहत होत्या.

एका डब्यात, रिळाच्या अगदी आत, वीतभर फिल्म सुटी झाली. ती कापून मी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती दाराच्या उजेडात धरली. चष्मा वर केला, खाली केला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"दार."

"आणि?"

"दारच. ती अजून आली नाहीये."

धाकू बाहेर निघून गेला. बाईंनी तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. "पेट घेते ना ही? एस.टी.त नेता यायची नाही."

"नाही, बाई."

"मग तुमचाच क्रम राहू दे." त्या उठल्या. "कोळणीचा चांगला आहे. मला ठाऊक आहे."

मी त्यांना स्टँडवर सोडून आलो.  

कोळणीचा राहिला, पौराणिक राहिला. त्या महिन्यापासून मी गोडाऊनमधला एकूण एक डबा उघडून वारा द्यायला लावला. शेटजींचा लगेच फोन आला. "पडलेल्या पिक्चरवर मजुरी कशाला?"

म्हटलं, "शेटजी, चाललेल्याला वारा लोकच देतात."