विहीर कुणी खांदली

आमच्या वरच्या खोलीत लातूरकडची एक पोरगी भाड्यानं ऱ्हाती. चाकणला कंपनीत जाती. सुट्टीला तिचा येगळाच उद्योग. तिनं आन् गावातल्या चार-दोन जणांनी मिळून मोबाईलमधी म्युझियम काढलंय. गावातली जुनी भांडी, फोटो, कंपन्या यायच्या आधीच्या शेतांची नावं, म्हाताऱ्यांचं बोलणं, समदं त्यात घालत्यात. म्या म्हटलं, "आत जायला तिकीट किती गं?"

"फुकट हाय आजी. चप्पल बी काढायची नाही."

तिला म्या आमच्या विहिरीचं सांगितलं. ती विहीर आता न्हाई. जमीन गेली, विहीर बुजवली, वर डांबर टाकलं. तिथं कंपनीच्या गाड्या उभ्या ऱ्हात्यात. बुजवली तवा म्या बघाया गेले न्हाई.

पोरीनं मोबाईल धरला आन् म्या बोलले. वर मुरूम लागला, खाली काळा पाषाण. घरची माणसं पहारीनं भोकं पाडायची, सुरुंग ठासायची, म्या डोक्यावर पाटी घेऊन दगड वर आणायची. पाणी लागलं तवा दिरानं पहिला तांब्या माझ्या हातात दिला. येवढं सांगून म्या थांबले.

पुढच्या सुट्टीला ते म्युझियममधी आलं. नातसुनेनं वाचून दाखवलं. वर माझ्या दिराचं नाव, आन् खाली, 'यांनी ही विहीर खोदली.' लोकांनी हात जोडल्याली चित्रं टाकली हुती. म्या नातसुनेला म्हटलं, "परत वाच." तिनं परत वाचलं. तेच.

संध्याकाळी पोरगी जिना उतरताना धरली. "आगं, ह्ये काय लिव्हलंस?"

ती घाबरली. "आजी, तुमच्याच तोंडचं हाय की. बाकी कुणाचं नाव तुमी घेतलंच नाही. मग तुमच्या पुतण्याला विचारलं, ते बी व्हय म्हणले. सातबारा दाखवला."

तिचं खरं हुतं. दीर धाकटा, त्येचं नाव घ्यायला बाईला बंदी न्हाई. ते माझ्या तोंडात धा येळा आलं. मालकांचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुन्हा कधी न्हाई. आन् त्या एका सुरुंगाचं म्या सांगितलंच न्हवतं.

विहीर काढली मालकांनी. धाकटा पोरगा पोटात हुता तवाची गोष्ट. एका दिवशी सुरुंग उडालाच न्हाई. लई येळ वाट बघितली. मालक म्हणले, "वात इझली आसंल, बघून येतो." खाली उतरले, आन् मंग तो उडाला.

तेराव्यानंतर दीर त्याच खड्ड्यात उतरला. माझ्या डोक्यावर परत पाटी आली. घरात खाणारी तोंडं हुती, बसून कोण घालणार? धाकटा रांगाय लागला तवा पाणी लागलं.

पोरगी जिन्यातच बसली. म्हणाली, "आत्ता बदलते. नाव सांगा."

नातसून म्हणाली, "आजेसासऱ्यांचं ना? मी सांगते की."

"तुमी नका. आजीच्याच आवाजात पायजे. न्हाईतर पुतणे म्हणतील, कुणी पण काय पण लिव्हतंय."

म्या म्हटलं, थांब जरा.

सकाळी पुतण्याच आला, उंबऱ्यात हुबा ऱ्हायला. "काकी, माझ्या बापाचं नाव पुसनार हायस म्हणं?"

"पुसत कशाला? त्येच्या वर आजून एक लिव्हायचंय."

"आन् इतकी वर्सं बरी गप ऱ्हायलीस?"

"तुझ्या बापानं विहीर पुरी केली. माझी पोरं तिच्यावर जगली. मी न्हाई म्हणती का?"

"आगं, माझी पोरं शाळेत सांगत आल्यात, आमच्या आज्यानं विहीर खांदली म्हणून. आता काय सांगायचं त्यांना?"

"दोन आजे हुते म्हणून सांग."

तो चहा न पिता गेला.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य घटतं, असं सासू म्हणायची. मालकांचं तर न घेताच घटलं. तरी जीभ वळंना. संध्याकाळी पोरगी मोबाईल धरून बसली, मधीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आजी, उद्या करू." म्या म्हटलं, न्हाई, आत्ताच धर. पदर नीट घेतला. आधी सुरुंगाचं सांगितलं. मंग नाव घेतलं, पार बापाच्या नावासकट. सून चुलीपाशी हुती. तिनं कधी ऐकलंच न्हवतं माझ्या तोंडून; भाकर तव्यावर करपली.

आता तिथं दोन नावं हायत. पुतण्या कामावर जाताना आमच्या दारावरनंच जातो. म्या रोज हाक मारती, "च्या घेऊन जा रं." थांबत न्हाई. गाडीचा आवाज वाढवतो आन् जातो.