भरलेल्या खोल्या हिरव्या

कळंबच्या निशिगंधाला टेबलांचं वेड होतं. जेवायच्या नव्हे, एचटीएमएलच्या! दहिवलीच्या क्लासात बाकीची पोरं सरकत्या फोटोंच्या वेबसाइटी करत आणि ही बया ओळी-रकाने आखून त्यांत रंग भरत बसे. कुणी विचारलं तर म्हणे, "आमच्याकडं नेटवर्कची एक दांडी. फोटो उघडेपर्यंत पाव्हणा जेवून परत जाईल." रकान्याला रंग द्यायला एक शब्द पुरतो, आणि बोट उचलायच्या आत पान हजर! हे पाहून तिला भर वर्गात हसू फुटे.

जया आत्याने शेतघराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, तेव्हा पान करायचा मान अर्थात हिचाच. पण आत्याला धीर कुठला! खालापूरचा एक एजंट अख्खं घर करारावर मागत होता, आणि ते दिलं की आत्याला स्वतःच्याच पडवीत बसायची चोरी.

"रिकाम्या खोल्या झाडून कंबर मोडली गं," ती म्हणाली. "आठ दिवसांत खोल्या भरल्या तर ठीक, नायतर मी सही करते."

तासाभरात पान तयार झालं. वर खोल्या, डावीकडे तारखा, मधल्या चौकटींत नुसते रंग. खुलासा लिहायची गरज दोघींनाही वाटली नाही. भरलेलं ते हिरवं, रिकामं ते तपकिरी. लावणी झालेलं भाताचं खाचर आणि पडीक खाचर, जन्मभर हेच तर पाहिलेलं! पुढचे दोन शनिवार आत्याच्या नणंदेच्या ओळखीने भरले होते. ते हिरवेगार झाले.

आणि फोन सुरू झाले की! पण जो तो शनिवारच मागे. "भरलाय," म्हटलं की समोरचा फटकन फोन ठेवी. तपकिरी दिवसांना कुत्रं विचारेना.

"देवा रं, या शहरातल्यांना भरलेलीच खोली कशाला पायजे?" आत्या कपाळाला हात लावून बसली.

आठव्या दिवशी सकाळी डोंबिवलीच्या एक बाई फोनवर चिडल्या. "अहो, भरलेले दिवस हिरवे कशाला दाखवता? हिरवं म्हणजे मोकळं, सिग्नलला असतं तसं!"

कळंबच्या फाट्यावर कुठला आलाय सिग्नल! निशिगंधाला हसू आवरेना. "ताई, तपकिरी दिसतायत ना, ते सगळे दिवस तुमचेच!" बाईंनी तिथल्या तिथे मंगळवार घेतला.

रंगांच्या नावांची अदलाबदल केली आणि पान हिरवंगार झालं. "सगळं भरून टाकलंस की गं!" आत्या किंचाळली. तोवर दुसरा फोन वाजला, मग तिसरा. एकेक चौकट तपकिरी होत गेली. दुपारपर्यंत दोन आठवडे माळरानासारखे उजाड दिसू लागले आणि आत्या पोरीचे हात धरून अंगणात फुगडी घालत होती.

तेवढ्यात एजंट कागद घेऊन आला. आत्याने दम खात त्याला पडवीत बसवलं, पाणी दिलं.

"दादा, घर माझंच राहू दे. पर तुमाला राहायचं असंल तर..." ती निशिगंधाच्या फोनात डोकावली. "पंधरा दिस नाय जमायचं. त्याच्या पुढल्या सोमवारी या."