तिसरी फेरी

ह्यांच्या गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळताना वास आला आणि मी मालेगावच्या त्या मैदानात पोचले. आणीबाणी नुकतीच उठली होती. ह्यांची बॉक्सिंगची लढत होती. पैजा लावणाऱ्यांचा माणूस सकाळीच नाशकात घरी येऊन बजावून गेलेला, "तिसऱ्या फेरीत पडायचं. नाहीतर पुन्हा कुठंच खेळू देणार नाय."

तिसऱ्या फेरीत ह्यांची भुवई फुटली, पाय लटपटले, पण हे पडेनात. तो माणूस दोरापाशी येऊन उभा राहिला. मी चारचौघांत ओरडले, "अहो, पडा ना!" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मुठी उचलल्या.

जिंकले. तीच शेवटची लढत. त्या हट्टाचा राग मी वर्षानुवर्षं धरला.

आज तेल लावून झाल्यावर हे उठू लागले. "जपून, पडाल," मी म्हणाले.

माझा हात घट्ट धरून हे हसले, "तेव्हा तू एवढी ओरडलीस, तरी पडलो का?"