टापटीप आणि सरळ रेषेतली माणसं

आमच्या टापटीपला माणसांशी बोलता येत नाही, म्हणून त्याने माणसांना प्रश्न विचारायचा धंदा धरला. हे मी रागाने लिहिते आहे का? हो, रागानेच. या वयात रागाला गोंडस नाव शोधत बसायला मला सवड नाही.

टापटीप म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. चाळिशी उलटली, कानशिलं पांढरी झाली, तरी घरात हेच नाव. लहानपणी खेळून आला की दारातल्या सगळ्यांच्या चपला आधी जोडीने लावायचा, आणि मग फुटलेला गुडघा दाखवत रडायचा. आम्ही त्याचं कौतुक केलं. कौतुक करताना माणसाने जरा पुढचं बघावं.

शिकला औषधांचं. औषधं खपवायला काही वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण डॉक्टरसमोर बसला की याची दातखीळ बसायची. शेवटी एका कंपनीत चिकटला. ही कंपनी इस्पितळांना ऑनलाइन सर्व्हे बनवून देते. रोग्याच्या फोनवर लिंक जाते, रोगी गोलांवर बोट टेकवतो, आणि टापटीप त्या गोलांचे रंगीत खांब करून इस्पितळाच्या साहेबांना दाखवतो. तिथे गडी फुलला. समोर माणूस नाही, कण्हणं नाही, औषधांचा वास नाही. नुसते आकडे, आणि तेही म्हटलं तसे रांगेत उभे राहणारे.

घरीही तीच भाषा. मी त्याच्याकडे राहायला गेले तेव्हा दारातच म्हणाला, "प्रवास कसा झाला मावशी? एक ते पाचमध्ये सांग."

"पहिली बस हुकली, दुसरीत उभी राहून आले, आणि एक माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरला. बसव आता आकड्यात."

"तीन धरू," तो म्हणाला. आणि खरोखर धरले असणार.

त्याच्या बायकोची जीभ तिखट आहे, म्हणून माझं तिच्याशी जमतं. ती आतून ओरडली, "मावशी, मला लग्नाच्या वाढदिवसाला विचारलं होतं, एकंदरीत समाधानी आहेस का. पर्यायांत 'लागू नाही' होतं. मी तेच निवडलं."

त्याची आई, आमची धाकटी, त्याच्याकडेच राहते. तिच्या हातांचे सांधे आखडत आखडत बोटं आता झाडाच्या मुळांसारखी झाली आहेत. इस्पितळाच्या तळमजल्यावर हातांचा विभाग आहे. विभाग कसला, एक लांबट खोली. कोमट मेणाची दोन भांडी, पुसून पुसून रंग गेलेली टेबलं, आणि व्यायाम करून घेणारी एक दणकट बाई, जिला सगळे मेणबाई म्हणतात. मेणात हात बुडवायचे, थर चढला की फडक्यात गुंडाळून बसायचं, आणि मग मेणबाई एकेक बोट सोडवत जाते. तिथे जाऊन आली की धाकटी दोन दिवस स्वतःची बटणं स्वतः लावते. नंतर पुन्हा सुनेला हाक मारावी लागते. सून बिचारी कुरकुर करत नाही, पण ती हाक मारताना धाकटीचा चेहरा मला बघवत नाही. दुखण्याचं तिला काही वाटत नाही, त्या हाकेचं वाटतं.

तर ती खोली बंद करावी असं इस्पितळाच्या मनात आलं. जागा हवी होती म्हणे. एकदम टाळं ठोकलं तर लोक बोंबलतील, म्हणून आधी रोग्यांना विचारायचं ठरलं: त्रास किती, अडतं कुठे. काम टापटीपच्या कंपनीकडे आलं, आणि कंपनीने ते टापटीपच्याच हवाली केलं.

धाकटी हरखली. "चला, घरचाच माणूस आहे. आता घोर नाही."

"आई, मला निःपक्षपाती राहावं लागेल," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"राहा की रे. तुला कोण पक्ष घ्यायला सांगतंय? फक्त नीट विचार."

त्याने विचारलं, आणि अगदी देखणं विचारलं. मला लॅपटॉपवर नमुना दाखवला. डावीकडे कामांची यादी: नळ उघडणे, बटण लावणे, केस विंचरणे, कप उचलणे, किल्ली फिरवणे, अशी खाली खाली जाणारी. उजवीकडे प्रत्येकापुढे पाच गोल. एक म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे अजिबात जमत नाही.

"ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांना हे हरभऱ्याच्या डाळीएवढे गोल दाबायला लावणार?" मी विचारलं.

"चाचणी घेतलीय मावशी. कोणालाच अडचण आली नाही."

"कोणावर घेतलीस?"

"ऑफिसातल्या मुलांवर."

"त्यांचे सांधे दुखतात?"

"नाही, पण नमुना म्हणून चालतं."

चालतं! पोहता येतं का हे बघायला माशांना पाण्यात सोडलं आणि म्हणे कोणीच बुडलं नाही.

धाकटीने तिचा सर्व्हे माझ्यासमोर भरला. फोन उशीवर टेकवला आणि अंगठ्याच्या वाकलेल्या सांध्याने एकेक गोल दाबत गेली. मी हात पुढे केला तर खेकसली, "ताई, गप्प बस. मला माझं भरू दे." एक गोल चुकायचा, शेजारचा लागायचा, मग परत. दुपारचं ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तरी बाईचं चाललेलंच. मध्येच थांबली आणि म्हणाली, "सगळीकडे पाचच येतंय गं. एखाद्या ठिकाणी चार टाकू का? रडगाणं वाटेल."

"हा काय बाजार आहे घासाघीस करायला? कप उचलता येतो तुला?"

"दोन्ही हातांनी धरला तरी सांडतो."

"मग खरं ते टाक."

तिने टाकलं. वरपासून खालपर्यंत पाच.

महिन्याभराने एका रविवारी जेवताना टापटीपने अहवाल तयार झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळात मांडायचा होता. चेहऱ्यावर तेज. "बहुतेकांना सौम्य ते मध्यम त्रास आहे," तो म्हणाला. "घरी व्हिडिओ बघून व्यायाम केला तरी भागेल. विभागाची तशी गरज दिसत नाही."

धाकटीचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "त्या खोलीत मी तिच्याबरोबर कितीदा बसले आहे. तिथे सौम्य कोण आहे? मेणबाईसुद्धा सौम्य नाही."

"मावशी, तुला चार लोक दिसतात. मला सगळे दिसतात. आणि आलेली उत्तरं आम्ही जशीच्या तशी घेत नाही. साफसफाई करावी लागते."

"कसली?"

आता तो खुलला. आपल्या कामाबद्दल कोणी विचारत नाही ना, विचारलं की असा खुलतो. "बरेच लोक न वाचताच भरतात. सगळीकडे एकच आकडा, वरून खाली सरळ रेष. त्यांना आम्ही सरळ रेषेवाले म्हणतो. टाइमपास करणारे. ते आधी काढून टाकायचे, मग उरलेल्यांचा हिशेब."

धाकटी शांतपणे म्हणाली, "मी सगळीकडे पाच टाकलं होतं."

टापटीपने पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला, जिथे होता बरोबर तिथेच. "आई, तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?" मी विचारलं. "असे किती काढलेस?"

"चाळीस टक्क्यांच्या आसपास."

"अरे गाढवा, हात गेलेल्या माणसांना तू विचारलंस की हाताने काय जमत नाही. ते म्हणाले, काहीच जमत नाही. तर तू म्हणतोस हे थट्टा करतायत? जे सगळ्यांत जास्त आजारी, त्यांनाच झाडून बाहेर काढलंस. मग राहिलेले सौम्यच निघणार! स्मशानात हजेरी घेऊन सांगशील, एकानेही तक्रार केली नाही."

तो लाल झाला. पण मूर्ख नाही तो, हे मला मान्य करावं लागतं, आणि म्हणूनच चीड जास्त येते. म्हणाला, "कोणाला काढायचं हा नियम उत्तरं येण्याआधी ठरलेला असतो. निकाल बघून नियम बदलला तर ती लबाडी. उद्या लोक म्हणतील, आईसाठी आकडे फिरवले."

"आणि नियमच चुकलाय हे कळल्यावर तो तसाच दामटला तर त्याला काय म्हणतात?"

"मावशी, पद्धत असते एक."

"तुझी बाई काय म्हणेल याची भीती आहे, पद्धत कसली!" बाई म्हणजे त्याची वरिष्ठ. हा नियम बाईंनी घालून दिलेला होता आणि यंदा बढतीची नावं त्याच पाठवणार होत्या. हे त्याने सांगितलं नाही, त्याच्या बायकोने सांगितलं, तिथेच, भाजी वाढता वाढता.

धाकटी तेवढ्यात म्हणाली, "जाऊ दे गं ताई. त्याची नोकरी आहे." मला तिचाही राग आला. पोटच्या पोराने बोर्डावरून पुसून टाकली तरी ही म्हणणार, डस्टर छान धरतो.

सोमवारी तो गेला आणि संध्याकाळी येऊन म्हणाला, "वगळलेल्यांची वेगळी नोंद मी परिशिष्टात दिली." जसं काही आगीतून लेकरू काढून आणलं. परिशिष्ट म्हणजे अहवालाचं ते पान, जे उघडायच्या आत सगळे चहाला उठतात. पंधरवड्यात तळमजल्यावरच्या खोलीला कुलूप लागलं. मेणाची भांडी कुठल्यातरी कपाटावर गेली आणि मेणबाईला दुसऱ्या मजल्यावर वजनं घ्यायला बसवलं.

धाकटीने तक्रार केली नाही. तिने बटणांचे कपडे आवरून ठेवले आणि डोक्यावरून घालायचे काढले. मग तेही जड जायला लागले.

मला काही तिच्यासारखं गप्प बसता येत नाही. मी तडक इस्पितळात गेले आणि वजनाच्या काट्याजवळ मेणबाईला गाठलं. "तुमच्या रोग्यांना सांगा, ज्यांनी सगळीकडे पाच भरलं त्यांची उत्तरं फेकून दिलीत."

"का हो?"

"खोटी वाटली म्हणून."

"कोणाला वाटली?"

मी टापटीपचा नंबर लिहून दिला. असं कोणाचा नंबर देऊ नये म्हणतात. माझ्या भाच्याचा आहे, मी देईन.

फोन सुरू झाले. पहिला एका निवृत्त शिंप्याचा. "साहेब, सुई धरता येत नाही हे लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही का?" टापटीप म्हणाला, तसं नाही काका. मग एक बाई. नातवाला उचलता येत नाही म्हणून रडली, आणि रडून झाल्यावर याला यथेच्छ शिव्या दिल्या. मग आणखी, मग आणखी. त्याने फोन बंद ठेवला तर बायकोच्या नंबरावर यायला लागले; तोही मीच दिला होता. ती स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर ठेवायची. "घे, तुझे सरळ रेषेवाले आले."

"मावशी, हे तू बरं नाही केलंस," तो मला म्हणाला. "माहिती अशी गोळा करत नसतात."

"मग कशी करतात? एकाने तरी तुला सांगितलं का, की मी थट्टा केली होती?"

तो उठून दारातल्या चपला जोडीने लावायला गेला.

त्याला पश्चात्ताप झाला, असं मी लिहिणार नाही. त्याला त्रास झाला. घरात पसारा झाला होता, आवाजांचा पसारा, आणि पसारा त्याला सोसत नाही. त्या फोनांपायी त्याने चूक-दुरुस्ती म्हणून एक पत्र तयार केलं, वगळलेली उत्तरं धरून नवे खांब काढले, आणि बाईंना न विचारता थेट इस्पितळाला पाठवलं. बाई चिडल्या. बढती दुसऱ्याची झाली. इस्पितळाने बराच वेळ घेतला, मग खोली पुन्हा उघडली, पण आठवड्यातून दोनच दिवस, तेही अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्यात आता खोकी रचलेली आहेत.

पहिल्या दिवशी मी धाकटीबरोबर गेले. खोक्यांच्या आडोशाला सगळे दाटीवाटीने बसलेले, हात फडक्यांत गुंडाळलेले, जशी काही बाळं घेऊन बसलीत. धाकटी ऐटीत सांगत होती, "माझा मुलगाच तो. रात्रंदिवस खपला. साहेबांशी भांडून विभाग उघडवला." आणि तो शिंपी, ज्याने त्याला फोनवर सोलून काढलं होतं, मान डोलवून म्हणाला, "नशीबवान आहात ताई. अशी पोरं आता राहिली नाहीत."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. पण मेणबाई तेव्हा धाकटीची करंगळी सोडवत होती, आणि धाकटीचे डोळे सुखाने मिटले होते. मी उत्तर गिळलं आणि खोक्यावर बसले.