सुधाकरच्या कानातलं गाळप

महिन्यापूर्वी सुधाकरच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी आष्टीत दारातल्या टँकरवाल्याशी हुज्जत घालत होतो. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. माझा चेहरा पाहून टँकरवाल्याने वाद सोडला आणि पाइप मुकाट्याने हौदात टाकला. दुष्काळात शोक करायचा तोही पाणी भरून झाल्यावर.

औरंगाबादच्या वसतिगृहात सुधाकर माझ्या खोलीत होता. तो डिप्लोमाला, मी इतिहासाला. तिथे त्याने कुणाकडून तरी दोन कॅसेटी मिळवल्या. सत्तरच्या दशकातल्या एका इंग्रज हार्ड रॉक बँडचा भर कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेला अल्बम. बँडचं नाव लिहीत नाही, कारण सुधाकरचा उच्चार आणि कव्हरवरची अक्षरं यांची कधी गाठ पडली नाही. पण त्या अल्बमचा त्याच्याएवढा भक्त आणि त्याच्याएवढा निंदक मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या गाण्यात गिटार विचारते आणि ऑर्गन उत्तर देतो, ती जागा आली की तो हात वर करून आम्हाला गप्प करी. एका वरच्या सुरावर गायकाचा आवाज फाटतो. तो फाटलेला सूर त्यांनी तसाच ठेवला, याचं त्याला फार अप्रूप. "स्टुडिओत शिवला असता रे. ह्यांनी उघडा ठेवला." दोषही तो तितक्याच आवडीने सांगायचा. बेस गर्दीत बुडालाय. झांजा लई बोचतात, कान कापतात. आणि तिसऱ्या बाजूला एकटा ड्रमवाला संपता संपत नाही. "एकानं बडवायचं आन बाकीच्यांनी विडी वढाया जायचं. आपल्याकडच्या कारखान्याच्या चेअरमनचं भाषणच हाय बे हे!"

चेअरमन त्याला पुढे रोजचेच झाले. कडा गावाच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात तो मिल विभागात लागला. हंगामात रात्रंदिवस उसाचे रोलर फिरत. तिथे माणसं हातवारे करून बोलत, आणि कानात कापूस घालणाऱ्याला हसत. सुधाकरही हसायचा. काही वर्षांनी एकदा कॅसेट ऐकताना म्हणाला, "झांजा आता बोचत न्हाईत. बरं वाजतंय." मला त्या तशाच बोचत होत्या. पुढे त्याला ऑर्गनची उत्तरं ऐकू येईनात. टेप झिजली म्हणून त्याने पुण्याहून नवीन कॅसेटी मागवल्या. त्याही झिजलेल्याच निघाल्या.

"टेप चांगली हाय," मी म्हणालो. "तुझे कान गेलेत बे."

"कावून जातील? तुझं समदं ऐकाया येतंय की."

माझा आवाज जाड आहे, कान जाताना बारीक सूर आधी जातात, हे मी त्याला सांगितलं. त्यावर त्याने कॅसेट काढून फुंकर मारली.

मग दुष्काळ आला. शिवारात ऊस उरला नाही. तरी हंगामाची पहिली मोळी टाकायचा समारंभ झालाच. त्यासाठी ऊस शेजारच्या जिल्ह्यातून आणला, ऊस टाकायच्या गव्हाणीला हार घातले, आणि चेअरमन सहकाराच्या उज्ज्वल भवितव्यावर बोलले. आठवड्यात चाकं थांबली. गावं ओस पडली, ऊसतोड्यांच्या टोळ्या लांबच्या फडांवर गेल्या. त्या सगळ्या उजाडीत सुधाकर मात्र गुपचूप आशेवर होता. तोवर कानांचं त्याला उमगलं होतं. "रान पडीक ठिवलं की सुदारतं," तो मला म्हणाला. "एक हंगाम निवांत गेला, की ऑर्गन माघारी येतोय बघ."

पुढच्या हंगामातही मिल सुरू झाली नाही, नंतर कधीच नाही. ऑर्गन आला नाही. "कारखाना बंद झाला," तो एकदा हसून म्हणाला, "पर माझ्या कानात गाळप चालूच हाय. रातपाळी, दिवसपाळी..."

शेवटचा भेटलो तेव्हा त्याने टेपचा आवाज खिडक्या थरथरेपर्यंत वाढवला आणि स्पीकरवर तळहात ठेवून बसला. दुसरं गाणं आलं नि गेलं, त्याचा चेहरा हलला नाही. गायकाचा सूर फाटला, तेव्हा तो बाहेर बाभळीकडे बघत होता. मग तिसरी बाजू लागली. ड्रमवाला सुरू झाला आणि सुधाकरची मान डोलू लागली. तेवढंच त्याच्यापर्यंत पोचत होतं. जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, ते त्याने शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. "लांबलंय जरा," तो म्हणाला, "पर असू दे."

परवा त्याच्या घरी गेलो होतो. मंदावहिनी समोरच, हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. "भाऊजी, च्या ठिवू का?" त्या ओरडल्या. आतून सुनेने तितक्याच मोठ्याने साखर किती म्हणून विचारलं, नातवाने ओसरीवरून ओरडून काहीतरी मागितलं. त्या घरात आता सगळ्यांना नीट ऐकू येतं. पण हळू बोलायची सवय कुणालाच राहिलेली नाही. मीही ओरडूनच सांगितलं, "बिनसाखरेचा!"