पिडेला डाख

“मनगट मोडलं म्हणून काय झालं? अॅक्तेम झालं!”

“पुन्हा तेच! प्लास्टर आहे आई ते, मिरवायची बांगडी नव्हे.”

“डोकं फुटायचं ते हातावर निभावलं. आता वर्ष सुखाचं जाईल, बघ तू.”

“माझ्याबरोबर इंचॉनला चल. उद्या पुन्हा धक्क्यावर पडलीस, तर मांजरही विचारायचं नाही.”

“मांजर येतं की. मासे वाळत असतात ना!”

हेसुक हसली नाही. तिने आईची बॅग सकाळीच भरून दाराशी ठेवली होती.

आई, मालसुन, कोरियातल्या एका लहान बेटावर एकटी राहायची. तिचा बाप गावोगाव हिंडून गळक्या भांड्यांना डाख द्यायचा. अॅक म्हणजे पिडा आणि तेम म्हणजे डाख, हे ती त्याच्या भात्यापाशी बसून शिकली. लहानसं काही बिघडलं, की मोठ्या संकटाचं भोक बुजलं. तिथे सगळेच तसं म्हणतात. बशी फुटली की म्हणतात आणि विसरतात. मालसुन विसरत नसे. छप्पर उडालं, अॅक्तेम. डुक्कर मेलं, अॅक्तेम. शेजारणी एकेक करून मुलांकडे शहरात गेल्या. मग ती भिंतीला सांगू लागली, आणि भिंतीच्या वतीने “हो गं, थोडक्यात सुटलीस” असंही आपणच म्हणू लागली.

“बाबांचं बोट कापलं, तेव्हाही हेच म्हणालीस,” हेसुक हळूच म्हणाली.

मालसुनचा जेवणाचा चमचा हातातच राहिला.

“ते म्हणत होते, आज होडी नको, मन कचरतंय. तू चिंधी बांधलीस. म्हणालीस, पिडा फिटली, आता खुशाल जा. मी दारातच उभी होते, आई.”

मालसुनचा नवरा दाल्सू त्या दिवशी होडी घेऊन गेला तो समुद्रातच राहिला. इतक्या वर्षांत दोघी त्यावर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून मालसुनने तो शब्द एक दिवस खाली पडू दिला नव्हता. तो एकदा जरी खोटा ठरला असता, तर नवऱ्याला पाण्यात लोटणारी तीच ठरली असती.

“दोष नाही देत गं तुला. पण त्या शब्दाच्या भरवशावर तुला इथे कशी सोडू? खरं सांग, तुला तरी तो पटतो का?”

मालसुनने चमचा ठेवला. एका हाताने रबरी जोडे पायात ओढले, दार सरकवलं आणि बॅगेला वळसा घालून वाळत घातलेली मांदेली उलटायला अंगणात निघून गेली.